सुटकेनंतरचे पंधरा दिवस

गर्द, हेरॉईन यांच्या आहारी गेलेल्या माणसाला तुरुंगात डांबलं की त्याचं व्यसन आपोआप सुटतं, हा समज जुना आहे. त्या समजापायी किती माणसं गेली आणि त्यावर उपाय कसा सापडला, याचा इतिहास सांगणाऱ्या रेडिओवरील भाषणाचा हा संपादित भाग.

तुरुंगातून सुटका ही कुणाही कैद्याच्या दृष्टीनं आनंदाची गोष्ट. दाराशी घरची माणसं उभी असतात, घरी गोडधोड केलेलं असतं. पण ज्या कैद्याला पूर्वी हेरॉईनचं व्यसन होतं, त्याच्यासाठी सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस हे सगळ्यात धोक्याचे असतात. हे मी अंदाजानं सांगत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. राजधानीचं शहर वेगळं, हे राज्य वेगळं. तिथल्या तुरुंगांतून जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचं पुढे काय झालं, याचा शोध डॉ. इन्ग्रिड बिन्सवँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचा अहवाल २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांना मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता. आणि अमली पदार्थांच्या ओव्हरडोसनं, म्हणजे न झेपणारी मात्रा घेतल्यानं मरण्याचा धोका? तो होता तब्बल १२९ पट. या तीस हजारांत व्यसन नसलेले कैदीही होते, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं गांभीर्य कळतं.

हे असं का होतं, ते आधी समजून घेऊ. अफू, मॉर्फीन, हेरॉईन, आपल्याकडची ब्राऊन शुगर म्हणजेच गर्द आणि अलीकडचं फेंटॅनिल, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. मेंदूत ठरावीक जागी जाऊन ती चिकटतात. त्यामुळे वेदना थांबतात, सुख वाटतं आणि श्वासही मंदावतो. श्वास आपण मुद्दाम घेत नसतो. झोपेतही तो चालू असतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेलं एक केंद्र ते काम बिनबोभाट करत असतं. हेरॉईन नेमकं या केंद्राला गुंगी आणतं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मात्र त्याची सवय होत जाते. जी पुडी नवख्याचा जीव घेईल, ती त्याला जेमतेम पुरते.

पण ही सोसण्याची ताकद माल चालू असेतोवरच टिकते. तो बंद झाला की काही दिवसांत ती ओसरू लागते आणि काही आठवड्यांत बरीचशी नाहीशी होते. तलफ मात्र त्या वेगानं जात नाही. महिनोन् महिने ती दबून राहते. जुनी गल्ली दिसली, जुना सोबती भेटला, हातात चार पैसे आले की पुन्हा उसळते. माणूस तुरुंगाबाहेर येतो आणि जुन्या हिशेबानं जुनीच मात्रा घेतो. त्याचं शरीर तोवर नवख्याचं झालेलं असतं. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, आणि शेजारी कुणी नसेल तर सारं संपतं.

आज हे इतकं सोपं वाटतं, तरी तुरुंगांनी ते मान्य करायला जवळजवळ एक शतक घेतलं. ही गोष्ट सुरू होते ती अमेरिकेत. तिथे १९१४ मध्ये हॅरिसन कायदा झाला. कायदा कराचा होता, पण त्याच्या आधारे अफू आणि कोकेनच्या व्यवहारावर सरकारी नियंत्रण आलं. १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की व्यसनी माणसाला बरं वाटावं म्हणून नुसतं मॉर्फीन देत राहणं ही डॉक्टरकी नव्हे. या निकालानंतर व्यसनी माणसांना औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर खटले होऊ लागले. व्यसनी माणसांसाठी काही शहरांत दवाखाने चालत, तेही एकामागून एक बंद पडले. कालपर्यंत जो रुग्ण होता, तो आज गुन्हेगार ठरला. केंद्र सरकारचे तुरुंग अशा कैद्यांनी भरू लागले. माल तुटल्यावर होणाऱ्या हालांनी ते तळमळत, इतर कैद्यांत व्यसन पसरेल अशी भीती असे, आणि सुटले की पुन्हा थोड्याच दिवसांत तुरुंगात परत येत. तुरुंगाधिकारी वैतागले.

त्यांच्या तक्रारींतून एक नवी कल्पना निघाली. पेनसिल्व्हेनियाचे खासदार स्टीफन पोर्टर यांनी मांडलेला कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला. व्यसनी कैद्यांसाठी दोन स्वतंत्र संस्था उभारायच्या, असं त्यात ठरलं. त्यांतली पहिली संस्था केंटकी राज्यात लेक्झिंग्टन गावाजवळ २५ मे १९३५ रोजी सुरू झाली. दुसरी १९३८ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे. लेक्झिंग्टनच्या संस्थेचं पहिलं नावच ‘नार्कोटिक फार्म’ होतं. फार्म म्हणजे खरंखुरं शेत. सुमारे हजार एकर जमीन, पंधराएकशे माणसांची सोय, गोठे, भाजीपाला, सुतारकाम आणि शिवणकाम. अर्धा तुरुंग आणि अर्धं रुग्णालय असा तो प्रकार होता. शिक्षा झालेले कैदी तिथे असत, तसेच आपणहून उपचारासाठी आलेले लोकही असत. डॉ. लॉरेन्स कोल्ब हे पहिले वैद्यकीय प्रमुख. मोकळी हवा, कष्टाचं काम, पोटभर अन्न आणि थोडं समुपदेशन मिळालं की माणूस बरा होऊन घरी जाईल, अशी त्या काळाची प्रामाणिक श्रद्धा होती.

लेक्झिंग्टननं नाव मिळवलं ते तिथल्या संगीतामुळेही. न्यूयॉर्कच्या जाझ संगीतात हेरॉईननं धुमाकूळ घातला होता. त्यामुळे एकाहून एक नामवंत वादक या शेतावर येऊन राहून गेले. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स त्यांतले एक. १९५० मध्ये ते सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात पकडले गेले होते आणि न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने राहिले होते. हेरॉईन काही सुटलं नाही. १९५५ मध्ये ते लेक्झिंग्टनला गेले. तिथून बाहेर पडल्यावर काही काळ शिकागोत साधी मजुरीची कामं करत राहिले आणि हेरॉईनपासून कायमचे दूर झाले. तेव्हा तिथे कुणीच बरं होत नसे, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

पण रॉलिन्स हे अपवाद होते. न्यूयॉर्क शहरातून लेक्झिंग्टनला येऊन गेलेल्या १,९१२ रुग्णांचा पाठपुरावा करणारा अहवाल १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनात अडकले होते, आणि तेही बहुतेक सहा महिन्यांच्या आत. संस्था सुरू होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. शेत, गाई, मोकळी हवा, सगळं देऊन झालं होतं. कुंपणाच्या आत माणूस ठीक राही. अडचण कुंपणाबाहेर पडल्यावर सुरू होई.

लेक्झिंग्टनच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. तिथे व्यसनांवर संशोधन करणारं केंद्र होतं आणि त्याच्या प्रयोगांत कैद्यांचा वापर होई. नव्या वेदनाशामकांची सवय लागते की नाही, हे त्यांच्यावर तपासलं जाई. सीआयए या गुप्तचर संस्थेच्या पैशांतून कैद्यांवर एलएसडीचे प्रयोग झाले आणि बक्षीस म्हणून त्यांना अमली पदार्थच दिले गेले, हे १९७५ मध्ये उघडकीला आलं. तुरुंगातल्या डॉक्टरांकडे कैदी आणि त्यांचे वकील पुढे संशयानं पाहत राहिले, त्यामागे असाही भूतकाळ आहे. १९७४ मध्ये ते रुग्णालय तुरुंग खात्याकडे गेलं आणि ‘नार्कोटिक फार्म’चा प्रयोग संपला.

मात्र त्या शेतावरून दोन गोष्टी बाहेर पडल्या आणि पुढचा इतिहास त्यांनी बदलला. पहिली गोष्ट म्हणजे मेथाडोन हे औषध. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीत ते तयार झालं होतं आणि युद्धानंतर अमेरिकेत आलं. हेरॉईन बंद केल्यावर जो त्रास होतो, त्याला आपल्याकडचे व्यसनी ‘टर्की’ म्हणतात. अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब, झोप उडणं आणि जीव नकोसा होणं. हा त्रास मेथाडोननं सुसह्य होतो, हे लेक्झिंग्टनच्या डॉक्टरांना चाळीसच्या दशकात दिसलं. ते आठ-दहा दिवस देऊन मग बंद करायचं, अशी पद्धत तिथे पडली. दुसरी गोष्ट म्हणजे मेरी निस्वँडर ही तरुण डॉक्टर. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना ती लेक्झिंग्टनला नोकरीला होती. तिथे जे पाहिलं, त्यानं ती अस्वस्थ झाली. न्यूयॉर्कला परतून तिनं व्यसनी माणसांवर उपचार सुरू केले आणि १९५६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, हे त्या पुस्तकाचं नावच सांगत होतं.

हे पुस्तक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्या वाचनात आलं. डोल हे चयापचयाचे अभ्यासक. लठ्ठपणावर त्यांचं काम चाललं होतं. वजन कमी केलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा का होतो, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या परिचयाचा होता. त्यामुळे व्यसन सोडलेला माणूस पुन्हा का वळतो, याकडेही त्यांनी शरीराच्या बाजूनं पाहिलं. १९६४ मध्ये डोल, निस्वँडर आणि त्यांच्या तरुण सहकारी मेरी जीन क्रीक यांनी काम सुरू केलं. सुरुवातीच्या रुग्णांना मॉर्फीन देऊन पाहिलं, तर ते दिवसभर पेंगत किंवा पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत बसत. त्यांना मेथाडोनवर आणल्यावर चित्र पालटलं. दिवसातून एकदा तोंडानं घ्यायचं औषध. नशा नाही, तलफ नाही, टर्कीही नाही. रुग्ण शिक्षणाविषयी, कामाविषयी बोलू लागले.

पूर्वी लेक्झिंग्टनमध्ये मेथाडोन दहा दिवस देऊन बंद करत, डोल यांनी ते चालूच ठेवलं. मधुमेह्याला इन्सुलिन चालू ठेवतात ना, तसं. पहिल्या बावीस रुग्णांची हकिगत १९६५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डोल आणि निस्वँडर यांनी लग्नही केलं. अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी डोल यांच्याकडे आले आणि तुम्ही कायदा मोडत आहात, असं बजावून गेले. डोल यांनी त्यांना सांगितलं, खुशाल कोर्टात जा. खातं कोर्टात गेलं नाही.

पुढचं पाऊल तुरुंगात पडलं. न्यूयॉर्कच्या तुरुंगात वारंवार येणाऱ्या हेरॉईनच्या व्यसनी कैद्यांना डोल यांनी विचारलं, सुटण्याआधी मेथाडोन सुरू करायचं का? तयार झालेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून निवड झाली. बारा जणांना सुटकेच्या आधी औषध सुरू झालं आणि बाहेर गेल्यावर ते चालू राहिलं. तुलनेसाठी सोळा जण उपचाराविना होते. हा निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार न मिळालेले सोळाच्या सोळा जण पुन्हा हेरॉईनच्या आहारी गेले आणि त्यांतल्या पंधरा जणांना नव्या गुन्ह्यांत शिक्षा झाली. मेथाडोन घेणाऱ्या बारा जणांपैकी बऱ्याच जणांनी अधूनमधून हेरॉईन चाखून पाहिलं, पण एकही जण त्याच्या रोजच्या गुलामीत परत गेला नाही. नव्या गुन्ह्यात शिक्षा झालेले होते फक्त तिघे.

बारा आणि सोळा, म्हणजे अभ्यास अगदी छोटा. पण कळीची गोष्ट त्यात आलेली होती. औषध सुटकेआधी सुरू व्हायला हवं आणि दाराबाहेर गेल्यावरही त्याचा खंड पडता कामा नये. खरं तर इथून पुढे हा उपचार सगळीकडे जायला हवा होता. तसं घडलं नाही.

का घडलं नाही, याची कारणं समजण्यासारखी आहेत. एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं, हा कसला उपचार, असा आक्षेप सर्वत्र होता. व्यसनमुक्ती म्हणजे पूर्ण मुक्ती, अशी अनेक सेवाभावी लोकांचीही धारणा होती आणि आहे. तुरुंगाधिकाऱ्यांची काळजी वेगळी. औषधाची गोळी जिभेखाली लपवून पुढे विकली जाईल, बराकींत त्यावरून मारामाऱ्या होतील, ही भीती काही पोकळ नव्हती. मेथाडोन जपून वापरायचं औषध आहे. सवय नसलेल्याला जास्त मात्रा दिली तर तेही जीव घेऊ शकतं. शिवाय कैद्याला त्रास झालाच पाहिजे, त्याशिवाय तो सुधारणार नाही, ही भावना तर सगळ्यांत खोल रुतलेली.

हा बांध फुटला तो एड्समुळे. एकच सुई अनेकांनी वापरल्यानं एचआयव्ही पसरत होता. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सुईनं हेरॉईन घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हा संसर्ग झाला होता. व्यसनी माणसाच्या जिवाची फिकीर नसलेल्यांनाही आता समाजाच्या जिवाची फिकीर वाटू लागली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्यानं १९८६ मध्ये तुरुंगांत मेथाडोन द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावर असाच कार्यक्रम सुरू झाला. सॉनी रॉलिन्स ज्या तुरुंगातून काहीच उपचार न मिळता बाहेर पडले होते, तोच हा तुरुंग. इथे कैदी थोड्या दिवसांसाठी येतात आणि जातात. म्हणून सुटताना त्याला त्याच्या वस्तीजवळच्या दवाखान्याशी जोडून देणं, हे या कार्यक्रमाचं मुख्य काम ठरलं.

तोवर सुटकेनंतर किती माणसं मरतात, याची नीट मोजदाद कुणी केली नव्हती. मरण तुरुंगाच्या आत आलं तर चौकशी होते, कागद तयार होतात. बाहेर आठव्या दिवशी एखाद्या सार्वजनिक शौचालयात किंवा मित्राच्या खोलीत आलं, तर तुरुंगाच्या वहीत त्याची नोंद नसते. तो माणूस सुटला, एवढीच नोंद असते. हे दोन हिशेब एकत्र आणण्याचं काम नव्वदच्या दशकात स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी केलं. तुरुंगातून सुटलेल्यांची यादी आणि मृत्यूंची नोंदवही त्यांनी शेजारीशेजारी ठेवली. १९९६ ते १९९९ या काळात सुटलेल्या तरुण पुरुषांमध्ये पहिल्या दोन आठवड्यांतलं अमली पदार्थांनी मरण्याचं प्रमाण त्यापुढच्या दहा आठवड्यांच्या तुलनेत सात पट निघालं. मग २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्याचा तो १२९ पटींचा आकडा आला आणि जगभरातल्या आरोग्य खात्यांना दखल घ्यावी लागली. दरम्यान २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि त्याच्यासारखंच काम करणारं, जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फीन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली होती.

उपचारानं हे मृत्यू खरोखर टळतात का, याचंही उत्तर मिळालं आहे. इंग्लंडमधल्या ३९ तुरुंगांतून सुटलेल्या पंधरा हजारांवर व्यसनी कैद्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटतेवेळी ज्यांचं हे औषध चालू होतं, त्यांच्यात पहिल्या महिन्यातले एकूण मृत्यू ७५ टक्क्यांनी आणि अमली पदार्थांच्या विषबाधेचे मृत्यू ८५ टक्क्यांनी कमी आढळले. न्यू साऊथ वेल्समधल्या अभ्यासातही सुटकेनंतरचे चार आठवडे औषध चालू राहिलेल्यांचा धोका असाच सुमारे तीन चतुर्थांशानं घटलेला दिसला. इतका फरक पाडणारी औषधं वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

अमेरिकेतलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याचं. तिथले सगळे तुरुंग एकाच खात्याकडे आहेत. २०१६ मध्ये तिथे ठरलं, की आत येणाऱ्या प्रत्येकाला व्यसनाविषयी विचारायचं आणि लागेल त्याला मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फीन किंवा नशेचा परिणामच रोखणारं नाल्ट्रेक्झोन, यांपैकी योग्य ते औषध द्यायचं. बाहेरून औषध चालू असलेल्याचं ते तोडायचं नाही. सुटल्यावर बाहेरच्या केंद्रात तेच उपचार पुढे चालू ठेवायचे. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात ओव्हरडोसनं मेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत हा आकडा ९ वर आला. त्या काळात फेंटॅनिल राज्यभर पसरत होतं, हे ध्यानात घेतलं तर या घटीचं मोल अधिक वाटतं.

स्कॉटलंडनं आणखी एक साधा उपाय केला. नॅलॉक्सोन नावाचं एक औषध आहे. हेरॉईननं श्वास थांबत आलेल्या माणसाला ते वेळेत मिळालं, तर काही मिनिटांत श्वास परत येतो. रुग्णालयांत ते १९७१ पासून वापरात होतं. २०११ पासून स्कॉटलंडनं सुटणाऱ्या कैद्यांच्या हातात ते द्यायला आणि वापरायचं कसं हे शिकवायला सुरुवात केली. अफूवर्गीय पदार्थांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये नुकत्याच, म्हणजे चार आठवड्यांच्या आत, सुटलेल्यांचा वाटा त्याआधीच्या पाच वर्षांत ९.८ टक्के होता. पुढच्या तीन वर्षांत तो ६.३ टक्क्यांवर आला. इंग्लंडमधल्या अशाच एका प्रयोगात दिसलं, की कैद्यानं घरी नेलेलं औषध बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला वाचवण्यासाठी वापरलं गेलं. ज्यांना आपण बेजबाबदार म्हणतो, त्यांनीच शेजारच्याचा जीव वाचवला होता.

एवढं सिद्ध होऊनही अमेरिकेतल्या अनेक तुरुंगांची दारं कोर्टाला उघडावी लागली. मेथाडोनवर स्थिर असलेल्या एका माणसाला मॅसेच्युसेट्समध्ये तुरुंगात जायचं होतं आणि तिथे ते औषध बंद होणार होतं. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ते चालू ठेवण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये मेन राज्यातल्या एका महिलेच्या बाबतीत असाच निकाल लागला. अपंगांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा त्यात आधार घेतला गेला. मधुमेह्याचं औषध तुरुंगात तोडत नाहीत, मग याचं का तोडता, असा साधा सवाल होता. डोल यांनी इन्सुलिनची उपमा दिल्याला तेव्हा अर्धशतक उलटलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाला हा विषय परका नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली आणि मध्यमवर्गीय घरांतूनही मुलं तिच्या विळख्यात सापडली. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. १९८५ मध्ये देशात अमली पदार्थविरोधी कायदा झाला. त्यात नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. मात्र व्यसनी माणूस उपचाराला तयार असेल तर त्याला सवलत देणारी कलमंही त्याच कायद्यात आहेत. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ च्या सुमारास ब्युप्रेनॉर्फीनचे उपचार सुरू झाले. ‘एम्स’चे डॉक्टर आणि संयुक्त राष्ट्रसंघाचं अमली पदार्थविषयक कार्यालय त्यामागे होतं. पुढे पंजाबमधल्या तुरुंगांतही हे औषध गेलं. म्हणजे आपल्याकडे याचा अनुभवच नाही, असं कुणी म्हणू नये.

आपल्या तुरुंगांची एक खास अडचण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के हे कच्चे कैदी होते. कच्च्या कैद्याच्या सुटकेची तारीख आधी ठरलेली नसते. जामिनाचा कागद येतो आणि त्याच संध्याकाळी माणूस दाराबाहेर उभा असतो. त्याची तयारी करायला, त्याला दवाखान्याचा पत्ता द्यायला वेळच मिळत नाही. म्हणून शिक्षा संपत आल्यावर उपचार सुरू करू, हा हिशेब आपल्याकडे चालणार नाही. आत आल्याच्या पहिल्या तपासणीतच व्यसनाचा प्रश्न विचारायला हवा आणि सुटकेची तयारी त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. रायकर्स बेटाला १९८७ मध्ये जे कळलं होतं, ते हेच.

घरच्या माणसांनीही एवढं लक्षात ठेवावं. चार-सहा महिने आत राहून तब्येत सुधारलेला मुलगा घरी येतो, तेव्हा तो बरा झाला असं वाटणं साहजिक आहे. पण तो आता पूर्वीपेक्षा अधिक नाजूक आहे. पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नका. त्याचं औषध चालू असेल, तर आता कशाला ते, असं म्हणून बंद करायला लावू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. त्याचा पाय घसरलाच, तर चारचौघांत शोभा होईल म्हणून खोलीचं दार लावून घेऊ नका. हाक मारूनही जाग येत नाही, विचित्र घोरण्याचा आवाज येतोय, ओठ निळसर झालेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, असं दिसलं तर ती झोप नव्हे. त्याला कुशीवर वळवा, श्वासाकडे लक्ष ठेवा आणि क्षणाचाही विलंब न लावता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. लेक्झिंग्टनच्या त्या हजार एकरांत जे ठाऊक नव्हतं, ते आज आपल्याला ठाऊक आहे. तुरुंग माल तोडतो. तलफ तशीच राहते आणि शरीराची ढाल मात्र गळून पडलेली असते. अशा माणसाला दाराबाहेर पाठवताना हातात नुसता सुटकेचा कागद देणं पुरेसं नाही. सोबत औषध हवं, दवाखान्याचा पत्ता हवा, आणि तो पोचला की नाही हे पाहणारं कुणीतरी हवं.